तिकुलच्या करकरत्या वहाणा

नाही नाही, मोजे काढ आधी. मे महिन्यात, मेरिदाच्या उन्हात मोजे घालून बूट चढवणार, आणि तेही मुलीच्या घरी मागणी घालायला जाताना — अर्ध्या तासात पाय उकडून निघतील. हा घे, विणलेल्या कातड्याचा, आतून अस्तरही कातड्याचंच, वारा खेळतो. चालून बघ. घट्ट होतोय ना? होणारच, दुपारी पाय फुगतात, म्हणून तर मी गिऱ्हाइकांना सांगतो, उन्हाळ्याचा बूट सकाळी घेऊच नये — थांब, एक नंबर मोठा देतो. पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरीच बरा. काळा घातलास तर बँकेतला कारकून दिसशील.

आणि दुसरा जोड कुणासाठी? वडिलांसाठी? ते बाहेर बाकावर बसलेत ते? मघाशी मी आत या म्हटलं, तर नको म्हणाले, फरशीवर फार वाजतं म्हणाले. तिकुलच्या वहाणा आहेत त्या. मुद्दाम वाजवतात, बनवणाराच तळाच्या थरांत करकर भरतो, नाचताना ठेका धरायला — वाजली नाही तर आमच्या गावचा माणूस वहाण परत आणून द्यायचा. आमच्या म्हणजे — हो, मी तिकुलचाच. कुणाला सांगत नाही, एवढंच. तर तुला त्यांच्यासाठी मऊ, न वाजणारे बूट हवेत, रविवारच्या मागणीपुरते. मुलीकडची माणसं मोठी असतील. कळलं मला. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

बस जरा. मी मागणी घालायला गेलो त्याला बत्तीस वर्षं झाली. लिहिया, म्हणजे माझी बायको, वकिलाची मुलगी. बाबांना मी कळवलंच नव्हतं — आई नव्हती, म्हटलं एकटाच उरकून येतो — पण गावात कुणीतरी बोललं असणार, आणि हे आले की बसने, नव्या वहाणा घालून, इस्त्रीचा सदरा घालून. आम्ही चिंचेचं सरबत पीत बसलो होतो. दारापासून करकर, करकर, सगळ्यांनी माना वळवल्या. सासऱ्यांनी विचारलं, हे कोण? आणि मी म्हटलं, आमच्या गावचे वहाणा बनवणारे आहेत, तुमचं माप घ्यायला बोलावलंय. खोटं होतं का? वहाणाच बनवायचे ते. तेवढंच खरं होतं.

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. मग गुडघ्यावर बसले, सासऱ्यांचा पाय हातात घेतला, कागदावर ठेवला, आणि मला म्हणाले, "साहेब, पेन्सिल आहे का?" दिली मी. पेन्सिल काढून दिली, काय सांगू तुला, लाज वाटते मला. लग्नात सगळ्यांना सांगितलं, वडील आजारी आहेत.

माफी मागायला गेलो ना, नाही कशाला — कितीदा गेलो. हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "या साहेब, बसा." मला वाटलं टोमणा आहे, चार दिवसांत राग निवळेल. नऊ वर्षं, अरे. विल्बर्थ हे नाव त्यांनीच ठेवलं होतं माझं, पुन्हा काही त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. शेवटी दवाखान्यात होते, कधी ओळखायचे, कधी नाही. नर्सने विचारलं, हा कोण, मुलगा का? म्हणाले, "नाही, हे मेरिदाचे साहेब. माप द्यायला आलेत." आणि पलंगावरून हात पुढे केला, पाय मागितला. मी काय करणार होतो? बूट काढला आणि पाय दिला. बोटांनी चाचपत राहिले बराच वेळ. मग म्हणाले, "मंगळवारी न्या."

नाही. दुसरा जोड मिळायचा नाही. आहेत, मापाचे आहेत, पण तुला देणार नाही. तुझे घे आणि जा आता, ते उन्हात बसलेत.