न वाचलेली कादंबरी

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, बराचसा.

अमेरिकेत, पार्सिपनी गावात, आम्ही चार मराठी घरं महिन्याला एक पुस्तक वाचून त्यावर गप्पा मारायचो. एकदा पाळी एका जुन्या इंग्रजी कादंबरीची होती. गरीब गवंड्याला विद्यापीठात शिकायचं असतं, पण भलतंच लग्न होतं आणि सगळंच बुडतं. मी नेहमीसारखी वाचली नव्हतीच. माझ्या बायकोने, नीलाने, पोळ्या लाटताना सांगितली तेवढ्यावर सगळ्यांसमोर ठोकून दिलं, "चूक त्या बायकोची! शिकायचं होतं ना त्याला, मग शिकू द्यायचं!"

नीला शांतपणे म्हणाली, "अरे, एम.ए. अर्धवट टाकून तुझ्या व्हिसावर मी इथे आले. तो गवंडी मीच की!"

ज्यांच्या घरी जमलो होतो त्या जोशीकाकू मला म्हणाल्या, "घे, अजून भात घे. बोलू नकोस."

दुसऱ्याच दिवशी मी कॉलेजचा फॉर्म आणून नीलापुढे ठेवला. दोन वर्षांनी ती एम.ए. झाली.

आता खोटं कुठलं ते सांगतो. फॉर्म मी आणला नव्हता. तो तिने महिनाभर आधीच भरून त्या कादंबरीत खुणेला ठेवला होता. घरात ते पुस्तक उघडायचा तेवढा मीच राहिलो होतो.