लाल कापडाचा मध्य

आई : हात वर कर. दोन्ही. आणि आधी ती कात्री खाली ठेव.

आकाइती : हात वर करू की कात्री खाली ठेवू? एकावेळी एकच होईल.

आई : तोंड चालतंय, म्हणजे कुठे कापलेलं नाही. मग हे जमिनीवर लाल लाल काय सांडलंय?

आकाइती : कापड आहे.

आई : कापड आहे हे मला दिसतंय. कुठलं कापड?

आकाइती : तू काल घडी घालून, इस्त्री फिरवून टेबलावर ठेवलंस ते.

आई : मोएरोआच्या लग्नाचं?

आकाइती : आपल्या घरात दुसरं लाल कापड आहे का?

आई : आता तेही नाही! अगं, अर्धा तास गेले मी चर्चमध्ये, गाण्याच्या तालमीला. अर्धा तास!

आकाइती : दीड तास. वीस मिनिटं गाता, उरलेला वेळ कुणाच्या सुनेनं रविवारी कसली टोपी घातली होती त्यात जातो.

आई : विषय बदलू नकोस. हे कापायला आज कोण येणार होतं?

आकाइती : आत्या.

आई : किती वाजता?

आकाइती : दहा.

आई : आणि बाकीच्या सातजणी?

आकाइती : अकरा. येतील, पांढऱ्या चादरीवर हे पसरतील, टाके घालतील. पाच आठवडे रोज येतील, खातील, शिवतील, एकमेकींच्या सुनांची सालं काढतील. मग मोएरोआताई नि तिचा नवरा चर्चमधून बाहेर आले की ही तिवाएवाए गोधडी दोघांच्या खांद्यांवरून गुंडाळायची आणि सगळ्यांनी रडायचं. मला पाठ आहे, आई.

आई : पाठ आहे आणि तरी कात्री घातलीस. सोळा वर्षांची घोडी झालीस! वीस वर्षं मी या घरात वन्संनी कापलेलं शिवतेय. जास्वंद म्हणाल्या, जास्वंद शिवली. शेवंती म्हणाल्या, शेवंती. एकदा तरी त्यांच्याकडे कात्री मागितली का मी?

आकाइती : म्हणून मीही मागितली नाही. सरळ घेतली.

आई : थोबाड फोडीन.

आकाइती : चर्चसाठी कापलेली जास्वंद आठवते ना, मागच्या वर्षीची? पाकळ्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

आई : हळू बोल.

आकाइती : घरात कुणी नाहीये. आत्याचा हात थरथरतो, आई. कप उचलते तेव्हा बशी वाजते.

आई : ते काय फक्त तुला दिसतं? सगळ्यांना दिसतं. आम्ही कडा आत दुमडून दुमडून त्या पाकळ्या सरळ केल्या. मी नि त्या सातजणी, तीन दिवस. एकीनं तरी तोंडातून शब्द काढला का? यालाच एकत्र बसून शिवणं म्हणतात. सुई काय, कुणालाही चालवता येते.

आकाइती : आणि ताईच्या लग्नाचीही तशीच दुमडून दुमडून शिवणार होतात?

आई : शिवली असती. काय कापलंयस ते तरी सांग. जास्वंदच ना?

आकाइती : नाही.

आई : निरफणसाची पानं?

आकाइती : पानंच. पण केळीची.

आई : केळीची. बरं. चालतील. रुंद असतात, कापड वाया जात नाही.

आकाइती : फाटलेली.

आई : काय?

आकाइती : वाऱ्यानं फाटलेली केळीची पानं. कडेपासून देठापर्यंत चिरा गेलेली.

आई : पोरीच्या लग्नात फाटकी पानं? अगं, तिच्या सासरचे मांगाइयाहून बोटीनं येणार, कडक इस्त्रीचे शर्ट घालून बसणार, आणि आपण त्यांच्या मुलाच्या खांद्यावर चिंध्या टाकायच्या?

आकाइती : या बेटावर वाऱ्यात न फाटलेलं केळीचं पान दाखव मला. एक. आहे ते असंच आहे. जास्वंद सगळ्यांच्या पलंगावर आहे. लग्न करून ऑकलंडला गेली की ताई हिच्याखाली झोपणार. तिला आपल्या मागच्या दारातलं काहीतरी दिसलं पाहिजे. चर्चच्या कुंडीतलं नको.

आई : हे कापायच्या आधी सुचलं की आत्ता मला बघून?

आकाइती : अर्धं आधी.

आई : आणि सासरचे?

आकाइती : मांगाइयाच्या लोकांना दुसऱ्यांचं काही कधी आवडलंय? तूच म्हणतेस.

आई : मी घरात म्हणते. उघडून बघितलंस?

आकाइती : नाही. घडी पांढऱ्या चादरीवरच उघडायची, सगळ्यांच्या समोर. तूच शिकवलंस.

आई : बघा, शिकवलेलं बरोबर नको तिथे आठवतं! उघड.

आकाइती : नको.

आई : एक कोपरा. बघू दे किती सत्यानाश झालाय. अकरा वाजता सातजणींच्या समोर बघण्यापेक्षा आत्ता बघते.

आकाइती : एकच कोपरा. आणि तू हात लावू नकोस, मी उघडते. ओढू नकोस ना!

आई : मी कुठे ओढतेय? ते आपणच येतंय हातात.

आकाइती : थांब. असं यायला नको.

आई : हा तुकडा सुटा कसा? आणि हा?

आकाइती : दोन. तीन. आई, चार आहेत.

आई : चार कसे असतील? घडी उघडली की एकच अखंड नक्षी यायला हवी. मधे जोडलेली.

आकाइती : मला माहितीय काय यायला हवं!

आई : मध्य कुठला धरलास?

आकाइती : टाचणी होती तो कोपरा.

आई : टाचणी बंद कोपऱ्याला असते. सगळ्या घड्या जिथे मिळतात त्या टोकाला. तोच मध्य. समोरचा कोपरा सुटा, तिथे कापडाच्या चार कडा एकमेकींवर नुसत्या पडलेल्या असतात. तिथे मध्य धरलास की चार तुकडे होणार. पाच वर्षांच्या पोरीला कळतं हे!

आकाइती : टाचणी सुट्या कोपऱ्याला होती.

आई : तू हलवलीस.

आकाइती : नाही.

आई : हलवलीस, आणि आता—

आकाइती : मी तिला हातही लावलेला नाही. अजून तिथेच आहे. बघ.

आई : कुठे?

आकाइती : ही. चारही थरांतून आरपार गेलीय. मी एवढी घट्ट लावत नाही. तू लावतेस.

आई : दे ती इकडे.

आकाइती : आई?

आई : काल इस्त्री करत होते तेव्हा मोएरोआचा फोन आला.

आकाइती : माहितीय. मी इथेच बसले होते.

आई : विमानाची तिकिटं काढली म्हणाली. लग्नानंतर आठव्या दिवशीची. मी म्हटलं, परतीचं कधीचं? तर म्हणे, परतीचं अजून काढलं नाही.

आकाइती : तेव्हाच तू टाचणी लावलीस. फोन खांद्यात धरून.

आई : तू बघत होतीस आणि गप्प बसलीस?

आकाइती : टाचणी नव्हते बघत. तुझा चेहरा बघत होते.

आई : कापण्याआधी कोपरा तपासायचा असतो, आकाइती.

आकाइती : तू लावलेली टाचणी? ती कोण तपासतं?

आई : या छटेचं लाल अख्ख्या बेटावर नाही. ऑकलंडहून मागवायचं म्हटलं तर दोन आठवडे तिथेच गेले. राहिले तीन. तीन आठवड्यांत सातजणी काय शिवणार, रुमाल? उंदरानं कुरतडलं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवेल का?

आकाइती : इतका सुबक कापणारा उंदीर?

आई : हसू नकोस. मला रडू येतंय.

आकाइती : मी हसत नाहीये. माझं तोंडच असं होतं.

(बाहेर स्कूटर थांबते.)

आई : वन्सं! आत्ता कुठे नऊ वाजतायत!

आकाइती : चहा मिळावा म्हणून ती नेहमी तासभर आधी येते.

आई : नीट ऐक. कापलं मी. तू आत झोपली होतीस.

आकाइती : कोण विश्वास ठेवेल?

आई : नाही ठेवला तर नाही. तू कापलंस आणि चार तुकडे झाले, हे आज या खोलीबाहेर गेलं ना, तर चाळीस वर्षांची होईपर्यंत तुला कुणी कात्री देणार नाही. चार तुकडेवाली म्हणून ओळखतील. मला काय फरक पडतो? मला कुणी कात्री देणारच नव्हतं.

आकाइती : पण आई—

आई : गप्प. या, वन्सं! बसा. चहा टाकते.

आत्या : दार सताड उघडं, कुत्रं पायरीवर, आणि दोघी अशा उभ्या जशा काय पाद्र्याच्या कोंबडीवरून स्कूटर नेलीत. चष्मा सापडत नव्हता, त्यात अर्धा तास गेला, तरी मी लवकर. हे काय आहे?

आई : कापलं, वन्सं.

आत्या : कोणी?

आई : मी.

आत्या : तू.

आई : हो. म्हटलं तुम्हाला त्रास नको. तुमची तब्येत...

आत्या : माझ्या तब्येतीला काय झालंय?

आई : तसं नाही. म्हणजे, वय...

आत्या : तेपाएरू, तुझ्यासारखा बारीक टाका अख्ख्या गावात कुणाचा नाही. पण तुझ्या हातून पाव सरळ कापला जात नाही. खरं सांग.

आकाइती : मी कापलं, आत्या.

आई : ती मला वाचवायला बोलतेय.

आकाइती : आई मला वाचवतेय.

आत्या : छान. दोघींनी एकमेकींना वाचवलं. कापडाला कोणी वाचवलं नाही.

आई : टाचणी मी चुकीच्या कोपऱ्याला लावली होती, वन्सं. हे मात्र खरं. तिनं माझ्यावर भरवसा ठेवला.

आत्या : चारही तुकडे खिडकीपाशी आणा. उजेडात. हं. ही केळीची ना?

आकाइती : हो. फाटलेली.

आत्या : मला दिसतंय, आंधळी झालेली नाही अजून. ही चीर कडेपासून देठापर्यंत एका दमात कापलीस?

आकाइती : हो. मधे थांबलं की कात्रीचा दात उमटतो.

आत्या : हे कोणी सांगितलं?

आकाइती : कुणी नाही. लहान असताना तुझ्या पायाशी बसून चिंध्या गोळा करायचे ना. लांब कड आली की तू श्वास धरतेस.

आत्या : धरायचे.

आई : चहात साखर किती घालू, वन्सं?

आत्या : वीस वर्षं दोन चमचे घालतेस, आज विचारतेस? इकडे ये, आधी ती पांढरी चादर पसर, मग हे धर. देठं बाहेरच्या बाजूला गेलीत. प्रत्येक तुकडा उलटा फिरवा, देठं आत आणा. असं. आता चारही तुकड्यांच्या मधून दोन बोटं पांढरं सुटू दे. लांबून बघ, आकाइती. दारात जाऊन बघ.

आकाइती : वाट पडल्यासारखं दिसतंय. बागेतून.

आई : पण कुणीच असं करत नाही. मधे पांढरं? सगळ्या विचारतील.

आत्या : विचारू देत. चार मी करायला सांगितले म्हणेन. कोण उलट बोलतंय बघते.

आकाइती : आणि कापलं कोणी म्हणून सांगणार?

आई : आकाइती!

आकाइती : मी फक्त विचारतेय. चार तुकडे आत्यानं सांगितले, म्हणजे पानंही आत्याचीच होणार. फाटलेली पानं आत्याची, चिरा आत्याच्या. सगळ्या म्हणतील, बघा, हात अजून कसा चालतो.

आई : तोंड आवर. पाया पड आणि माफी माग.

आत्या : राहू दे. तिची आत्या आहे मी, हे कुठून आलंय ते मला ठाऊक आहे. तेपाएरू, चहा आण. आणि पोरी, तू या चिंध्या गोळा कर, त्या सगळ्याजणींना इथं कुणी बोकड कापला असं वाटायला नको.

आकाइती : म्हणजे सांगणार नाहीस.

आत्या : चिंध्या.

आई : वन्सं, मनावर घेऊ नका. ताई जाणार म्हणून ती आठ दिवस अशीच तडतडतेय. मीही. घरात कुणाला झोप नाही, भांडं घासायला घेतलं की हातातून पडतं.

आत्या : माझ्याही हातून पडतात. मी कुणाला सांगत नाही. आलं का कुणी? पायरीवर चपला वाजतायत.

आई : अजून साडेनऊच...

आत्या : तुझा चहा साऱ्या गावाला माहीत आहे. या गं, या. आत या, तुकड्यांवर पाय देऊ नका. हो, कापून झालंय. हो, चार. मधे पांढरं सोडलंय, मला आवडलं म्हणून. काय? केळीची. फाटलीत, दिसतंय ना? वारा लागलाय त्यांना. आणि पानांवरच्या शिरा दोऱ्यानं कुठून कुठे भरायच्या ते मला नका विचारू. आकाइतीला विचारा. मीही तिलाच विचारणारेय.