दोनदा आला तरच

बाळाच्या कानांची तपासणी होती. आमचा नंबर यायला वेळ होता आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारी एक आजी बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचे यजमान तपासणीच्या खोलीतून बाहेर आले. मागोमाग तपासणारी मुलगी आली.

“आजोबा, आवाज आला की बटण दाबायचं होतं. तुम्ही एकदाही दाबलं नाहीत.”

“आवाज आले की. पण प्रत्येक एकदाच आला.”

“मग?”

“एकदा आलेला आम्ही धरत नाही.”

आजी तिला म्हणाल्या, “अगं, हे तीस वर्षं रेडिओ दुर्बिणीवर होते. दुसऱ्या ग्रहावरून कुणी साद घालतंय का, ते बघायला. काही आलं की दुर्बीण बाजूला वळवायची, परत त्याच ताऱ्यावर आणायची. पुन्हा आलं तरच नोंद.”

“आणि आलं का कधी, आजोबा?”

“एका दुपारी आलं. सव्वा मिनिट. इतकं स्वच्छ, की चहाचा कप हातातच राहिला. दुर्बीण वळवून परत आणली, तर काही नाही.”

“त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, नोकरी गेली.”

“मग कुणाला सांगितलंत?”

“हिला.”

“बरं, पुन्हा तपासू. आता एकदा आला तरी दाबा. नाहीतर दोन्ही कान गेले, असाच रिपोर्ट निघेल.”

“जा हो. इथे तुमचे साहेब नाहीत.”

आजोबा दारापर्यंत जाऊन मागे वळले.

“ते नोंदवायला हवं होतं का गं?”

“मी नोंदवलंय. त्या वर्षीच्या कॅलेंडरमागे, तारीख-वेळ घालून. अजून टाकलेलं नाही ते. जा आता, ती मुलगी खोळंबलीय.”