धाकटीची शेवटची कुपी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले संचालक साहेब, शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉक्टर, उद्यापासून या प्रयोगशाळेचा कारभार हाती घेणाऱ्या नव्या मॅडम, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या माझ्या ताई, त्यांचे आजी-माजी विद्यार्थी आणि उपस्थित बंधू-भगिनींनो,

माझ्या आधी बोलले ते सगळे डॉक्टर. मी चष्म्याचा दुकानदार. या सभागृहातल्या निम्म्या लोकांचे नंबर मला माहीत आहेत, आणि मागच्या रांगेतल्या काहींना इथे कोण उभं आहे हे नीट दिसत नाही, हेही माहीत आहे. त्यांनी सवडीने दुकानावर येऊन जावं. मग मला इथे का बोलावलं? तर मी ताईंच्या, म्हणजे तुमच्या निवृत्त होणाऱ्या मॅडमच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. ताईंनीच फोन केला, "तुम्ही बोला." म्हटलं, "काय बोलू?" तर म्हणाल्या, "जे झालं ते. कौतुक करायला बाकीचे आहेत."

मघाशी संचालक साहेबांनी इथल्या एका नियमाचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला. बाईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा इथे जेलीत वाढवतात. त्याच्यावर औषध तपासताना शरीराच्या पहारेकरी पेशीही सोबत घालतात, कारण ही औषधं त्या पेशींवरच काम करतात. नियम असा, की त्या पेशी त्याच बाईच्या रक्तातल्या हव्यात. कमी पडल्या तर तपासणी रद्द, पण दुसऱ्या कुणाच्या पेशी चालणार नाहीत. मॅडमच्या या हट्टापायी विद्यार्थी रडकुंडीला येतात, असं ऐकतो. पण हा हट्ट आला कुठून, हे त्यांना कुणी विचारलं का?

आमच्या घरून आला.

माझ्या बायकोला घरात धाकटी म्हणत. ताईंपेक्षा बरीच लहान, त्यामुळे निम्मी बहीण आणि निम्मी मुलगी. तिला गाठ निघाली तेव्हा ताई याच विषयावर काम करत होत्या. आता मला समजलं तेवढं सांगतो, चुकलं तर डॉक्टरमंडळींनी सांभाळून घ्यावं. पहारेकरी पेशींचं काम नको ते खाऊन टाकायचं. पण गाठ त्यांना फितवते, आणि मग त्याच तिची बडदास्त ठेवतात. त्यांना पुन्हा कामाला लावणारं एक औषध तेव्हा नवीन आलं होतं. उंदरांवर छान चाललं होतं. उंदरांवर काय, बहुतेक सगळंच छान चालतं, असं ताई आता म्हणतात. तेव्हा म्हणत नव्हत्या.

त्यांनी धाकटीच्या गाठीचा तुकडा वाढवला. पहारेकरी पेशींसाठी प्रयोगशाळेतल्या लोकांनी रक्त दिलं. तेव्हा तशीच पद्धत होती, ज्याची पाळी असेल त्याने बाही वर करायची. औषध घातलं आणि गाठ विरघळली. मला मुद्दाम बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलं. सारा जन्म भिंगांत गेला माझा, पण भिंगातून इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. घरी येऊन धाकटीला सांगितलं, तर बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, "ताईच्या औषधाला मी नापास कशी करणार?"

औषध सुरू झालं. लागू पडलं नाही. धाकटी गेली.

त्यानंतर ताईंनी तोच प्रयोग पुन्हा केला, या वेळी धाकटीच्या स्वतःच्या, साठवून ठेवलेल्या पेशी घेऊन. गाठ जागची हलली नाही. पहारेकरी तिला मांडीवर घेतल्यासारखे तिच्यापाशी बसून राहिले. तेव्हा ताईंच्या लक्षात आलं. परक्या माणसाच्या पेशींना परकी गाठ दिसली की त्या तुटून पडणारच, औषध असो वा नसो. औषध न घातलेल्या प्लेटमध्येही पहिल्या वेळी गाठ थोडी विरघळली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांना वाटलं, चांगलंच आहे की. धाकटी बरी व्हावी असं ज्याला त्याला वाटत होतं. अशा वेळी डोळ्यांना जे हवं तेच दिसतं, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला तरी कळायला हवं होतं, पण तेव्हा मीही त्याच डोळ्यांनी बघत होतो.

दुसरं कुठलं औषध चाललं असतं का? डॉक्टर नाही म्हणाले. मी मानलं. ताईंनी मानलं नाही. त्या आमच्याकडे आल्या आणि दारातल्या चपलांच्या बाकावरच बसल्या, आत येईनात. मीही मग त्यांच्याशेजारी बसलो.

धाकटीची गाठ मात्र इथे प्रयोगशाळेत राहिली. ती संपत नाही, वाढतच जाते. लांबलांबच्या प्रयोगशाळांत तिचे तुकडे जातात. मी दर वर्षी इथे येऊन ती बघायचो. तिचा संताप यायचा आणि तरी यायचो. घरात कुठे भांडं वाजलं की वाटायचं, धाकटी आली. पाठोपाठ वाटायचं, ती घरी कशी असेल, ती तर तिकडे इन्क्यूबेटरमध्ये. खरं सांगतो, अशा वेळी मला माझीच भीती वाटायची. जिने तिला नेलं तिलाच मी भेटायला जात होतो.

एकदा न राहवून विचारलं, "ताई, हे तर तिचं दुखणं झालं. तिचं चांगलं असं काही उरलंय का?"

ताई म्हणाल्या, "एक कुपी आहे. तिच्या पहारेकरी पेशींची." निरोगी पेशी गाठीसारख्या वाढत नाहीत. प्रत्येक तपासणीत थोड्या खर्च होतात आणि संपतात. ही शेवटची कुपी ताईंनी कुणाला मिळू दिली नव्हती. विद्यार्थ्यांनी मागितली की 'तो नमुना बिघडलाय' म्हणून सांगायच्या. विद्यार्थी मित्रहो, तो बिघडला नव्हता. हे तुम्हाला सांगायची परवानगी मी घेतली आहे.

आता निवृत्ती आली, आणि नवं औषधही आलं. ताई मला म्हणाल्या, "मी गेल्यावर ही कुपी कुणी वापरेल नाहीतर कुणी फेकून देईल. तुम्ही सांगाल तसं करते." मी म्हटलं, "वापरा. गोठवून ठेवली म्हणून ती काही आपल्याला परत मिळायची नाही." मोठ्या धीराने म्हटलं खरं, पण बाहेर येऊन जिन्यातच बसलो.

या आठवड्यात ताईंनी ती कुपी स्वतःच्या हाताने उघडली. आज सकाळी मी पाहून आलो. औषध नसलेल्या प्लेटमध्ये पहारेकरी तेव्हासारखेच गाठीला बिलगून बसलेत. औषध घातलेल्या प्लेटमध्ये त्यांनी गाठ फोडून काढली आहे. परक्या कुणाच्या नाही, धाकटीच्या स्वतःच्या पेशींनी.

ताईंनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले. "हे औषध तेव्हा नव्हतं," म्हणाल्या.

"नव्हतं," मी म्हटलं.

"असतं तर..."

"ताई, नको."

पुढचं वाक्य आम्ही दोघांनी न बोलता ऐकलं. मला वाटतं, आता ते जन्मभर ऐकू येत राहील.

एका बाईच्या दोन प्लेट म्हणजे पुरावा नव्हे, हे सांगायची मला सक्त ताकीद आहे. अनेकींच्या गाठींनी, त्यांच्या त्यांच्या पेशींसोबत, हेच उत्तर द्यायला हवं. ते काम आता नव्या मॅडमचं. त्यांना मनापासून शुभेच्छा.

मला बोलायची संधी दिली याबद्दल संयोजकांचा ऋणी आहे. आनंदाच्या समारंभात दुःखाचं बोललो, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, विज्ञानात काही उलटसुलट झालं असेल, तर आपलाच माणूस समजून पोटात घाला.

आणि एक विनंती. त्या पेशी संध्याकाळपर्यंतच टिकतील असं ताई म्हणतात. नंतर नियमाप्रमाणे प्लेट नष्ट करायची आहे. इन्क्यूबेटर याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे आणि नव्या मॅडमनी परवानगी दिली आहे. म्हणून मी भाषण इथेच थांबवतो. ताई, चला वर, धाकटीपाशी. आपण सगळे जेवायला बसा, आमच्यासाठी थांबू नका.