टोपाचा पत्रा

—लागलं का बोटाला? पुसा, पुसा, त्या फडक्याने पुसा. ओला आहे थोडा. गंज नाही तो आशुतोषसर, रंग आहे गंजाचा. तुमीच म्हणालात ना, सातशे वर्षांपूर्वीचा वाटला पाहिजे — मग? वीस वर्षं या कळंबोलीत मी ट्रकांचा गंज काढला — हरेश डेंटर म्हटलं की कुणीही गल्ली दाखवेल — आणि आता गंज लावतोय. काढणाऱ्यापेक्षा लावणाऱ्याला मान जास्त, हे आधी कुणी सांगितलंच नाही. खरा गंज का नाही? केला की प्रयत्न. आमच्या मीनाने आठ दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून गच्चीत ठेवला, सोसायटीवाले विचारून थकले. गंजेल तर शपथ. आता स्टील म्हटल्यावर गंजेल कसं ते?

स्टील म्हणजे... बसा ना. तो स्टूल नको, डुगडुगतो. हलका वाटतोय ना हातात? मागचा लोखंडाचा डोक्यावर घालून तुमची मान आखडली, खांदेश्वरला घरी दोन दिवस शेकत बसलात, तेव्हाच मी ठरवलं, याला हलका करायचा. म्हणजे ठरवलं काय, झालं तसं. बाजारातल्या पत्रेवाल्या अरविंदशेठला फोन लावला, म्हटलं, टोपासाठी पत्रा पाठवा. तुमी काय म्हणता ते, शिर — ते आमच्या तोंडात बसत नाही, आमी आपलं टोप म्हणतो. आता त्या माणसाला काय माहीत, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी शहाणी माणसं रविवारी वाशीला टोप घालून एकमेकांच्या टाळक्यात तलवारी घालतात? त्याला वाटलं, भाताचा टोप. पाठवला भांड्यांचा पत्रा. चूक कुणाची? त्याची नाही, माझी नाही — मराठीची. परत पाठवणार होतो, देवाशपथ. पण म्हटलं, हलका तर होतोय, सरांची मान वाचेल.

मजबुतीचं टेन्शन घेऊ नका. टेस्टिंग केल्याशिवाय हरेश माल देत नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली, तर मधोमध तुमचा टोप ठेवला, मीनाने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली — असा शोभला म्हणून सांगू. दरवर्षी नारळ ऐरणीवर फोडतो. यंदा म्हटलं, टोपावरच फोडू, शकुन पण होईल अन् टेस्टिंग पण. हाणला.

नारळ? नारळाला काय होतंय. नंतर उंबऱ्यावर फोडला, पाणी एकदम गोड निघालं, मीना म्हणाली, चांगला शकुन आहे.

टोपाचं काय विचारता, एवढासा खड्डा — वाटीएवढा. आतून ठोकला, वरून पुट्टी भरली, घासला, रंग मारला. सांगा बघू कुठे होता. नाही, तिथे नाही. तिथेही नाही — हां, तिथे. पण तुमाला माहीत होतं म्हणून सापडला. अहो, पुट्टीला नाक मुरडू नका, पुट्टीवर अख्खा हायवे चालतो. आणि समोरचा काय खरा शत्रू आहे का तुमचा? एकशेदहा किलोचा कुऱ्हाडवाला? असू दे, बोथटच असते ना ती. गॅरंटी आपली. मी तर म्हणतो, हा टोप मी स्वतः घालून —

काय? आत्ता? घालतो की. त्यात काय. आणा इकडे. हे बघा, बसला. मस्त बसलाय, फक्त ऐकू येत नाही नीट — काय म्हणालात? आणि दिसतंय पण फटीतून एवढंच, तुमचा पट्टा दिसतोय, हात दिसतोय, हातात... ती दोन किलोची आहे, सर. खाली ठेवा. ट्रकच्या चासिसची हातोडी आहे ती. नाही, घाबरत नाही, घाबरायचं काय त्यात — थांबा. थांबा म्हणतो ना. आधी काढू द्या मला.

...

हा इथेच राहू दे. मीना लावेल भात. रविवारी तुमी तो जुना घालून जा, लोखंडाचा. मान आखडेल, पण राहील तरी.

निघा आता, मला अरविंदशेठला फोन लावायचाय. आणि जाता जाता तो तुमचा शब्द सांगून जा. शिर — शिर काय?