उधार राहिलेली झडती

सन दोन हजार पंचवीस, श्रावण अर्धा सरत आलेला, पोळ्याले बरोबर सोळा दिवस बाकी, अन् आमची नात सुचिता मले म्हणते, "आबाजी, दिवसातून दहा वेळा आपल्या हाताची बोटं मोजायची!" काऊन? म्या काय पाळण्यातलं लेकरू हाव? तुमाले सांगतो, मले सपनाची हौस नाही. भगवानराव म्हणतात मले. सोनाळ्यात कोणालेही विचारा, हा माणूस झोपतो तोही ताठ!

पण हे सपनाचं लचांड मागं लागलं ते सन चौऱ्याऐंशीच्या पोळ्यापायी. आमच्याकडं पोळ्याले तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात अन् मालक एकमेकाले झडत्या मारतात. झडती म्हणजे दोन ओळींचा टोमणा, गावासमोर, मोठ्यानं. ज्याले लागली त्यानं तिथंच उलटी झडती मारायची, नाही मारली तर उधार राहते. त्या वर्षी माहा ढवळ्या, नवी झूल, शिंगाले बेगड, असा नटलेला... अन् ऐन तोरणात बसला. बसला तो बसलाच! अन् पुंजाजी, माहा दोस्त, लहानपणापासून एका ताटात जेवलेला, पुढं आला अन् हात वर करून...

"बैल बसला तोरणाखाली, उठवता उठेना,
मालकाचं घरात कोणी आयकता आयकेना!"

हासलं ना गाव! पोरं हासली, बाया हासल्या, पाटील हासला. मले उलटी सुचली नाही. ढवळ्याले उठवला, घरी आणला अन् पुंजाजीशी बोलणं बंद. त्याचं घर कुठं? आमच्यापासून चौथं! एक्केचाळीस वर्षं चौथ्या घराकडं मान वळवली नाही. मान आहे ते, दरवाजा नाही, कोणासाठीही वळायले.

पण तो पोळा सपनात येत राह्यला. अन् सपनातही सुचत नाही हो! हे एक दिवस सुचितापाशी तोंडातून निघून गेलं. ती शेगावले मनाचं शास्त्र शिकते. म्हणे, "आबाजी, सपन चालू असतानाच ध्यानात आलं का हे सपन आहे, तर तिथं पाहिजे ते बोलता येतं. शिकता येतं ते." मले सपनाची हौस नाही, पण झडतीची उधारी वाईट. म्हटलं, सांग.

तर वही उशाशी. उठल्याबरोबर सपन लिहायचं. म्या चौथी नापास, माहं एक सपन लिहायले सकाळचा चहा थंड होते! झोपताना मनाशी म्हणायचं, आज सपन ओळखीन. दिवसा बोटं मोजायची, अन् एखादी पाटी वाचून नजर फिरवून पुन्हा वाचायची. सपनात बोटं कमीजास्त होतात, अक्षरं बदलतात. वरून ताकीद. "झोप मोडून काही करायचं नाही. रोज रोज नाही. भेव वाटलं तर थांबायचं. जागं का सपन असा गोंधळ व्हायले लागला तर बंदच करायचं. अन् सगळ्यात मोठं, दोन्ही परीक्षा झाल्याशिवाय सपन समजून काहीच करायचं नाही, आबाजी. लोक माळवदावरून उडायले जातात!"

आमची घरवाली कोकिळा चुलीपासून म्हणते, "जागेपणी आमच्यावर हुकूम चालवून पोट भरलं नाही, आता सपनातल्याही लोकायले सोडत नाहीत!"

बोटं मोजली. नऊ. डाव्या हाताचं करंगळीजवळचं मळणी यंत्रात गेलं, त्याले अठ्ठावीस वर्षं झाली. अन् दहाव्या दिवशी पहाटे काय सांगू... मोजली तर दहा! पुरी दहा! तुमाले सांगतो, म्या ते बोट हलवून पाह्यलं. समोर ढवळ्या. त्याच्या खांद्याले हळद-तुपाचा वास. माही माय परातीत पुरणपोळी घेऊन उभी, बैलाले चारायले, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या... किणकिण आयकू आली. तिले गेल्याले तीस वर्षं. म्या म्हटलं, "माय..." अन् जागा झालो. सुचिता म्हणे, "आनंद जास्त झाला का जाग येते, आबाजी. शांत राहायचं, हात चोळायचे." म्या वहीत लिहिलं, 'माय दिसली.' पुढं लिहिलं नाही. मले सपनाची हौस नाही.

मग आला पोळा. दुपारी पुरण जेवून निंबाखाली अंग टाकलं. डोया उघडला तर वाजंत्री वाजून राह्यली, अन् तोरणाखाली काय? ट्रॅक्टर! रांगेनं ट्रॅक्टर! बोनेटवर झूल, दिव्याले बाशिंग, अन् एक सून त्याच्या टायरावर पाणी घालून, कुंकू लावून पाया पडून राह्यली! म्या म्हटलं, हे जागेपणी होईल का? पाटी वाचू. पंचायतीवर 'पोळ्याच्या शुभेच्छा'. नजर फिरवली, पुन्हा वाचलं, 'घरपट्टी भरा'! लाल अक्षरं सरसर पळून राह्यली! संपलं. सपन पक्कं. बोटं मोजायची होती. कोण मोजते? भगवानरावले दोन पुरावे पुरे होतात!

तोरणापाशी पुंजाजी उभा. काठी टेकून, वाकलेला, दात गेलेले. एकटा. त्याची जोडी मागच्या वर्षीच विकली पोरानं. म्या पंधरा दिवस एक जहरी झडती घोटून ठेवली होती, पुंजाजीच्या सात पिढ्या आठवतील अशी! पण सपनात कोण पाहते? अन् सपनात खोटं कायले बोलू? हात वर केला, अन् जहर बाजूलेच राह्यलं...

"बैल कवाच उठून गेला, म्या बसलो रुसून,
चाळीस पोळे सुने गेले तुह्यावाचून!"

वाजंत्री थांबली. सगळं गाव पाहून राह्यलं. ट्रॅक्टरामागून सुचिता ओरडली, "आबाजी, बोटं! बोटं मोजा!"

मोजली.

नऊ.

जागा होतो! टक्क जागा, सगळ्या गावासमोर, डोयातून पाणी चालू! अन् ते पाटी पंचायतीनं नवीनच लावलेली, बिजलीची, अक्षरं आपोआप बदलणारी! पळावं तर या वक्ती घरी हाकलत न्यायले ढवळ्याही नाही.

पुंजाजी काठी टेकत जवळ आला. एकदम जवळ. मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं अन् म्हणे, "एक्केचाळीस वर्षं लागली बे तुले दोन ओळी जुळवायले?"

म्या चौथ्या घराकडं मान वळवली. उधारी फिटली.