घरी न्यायला माणूस

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोन म्हातारे बोलत होते. एक शिंपी, दुसरे त्यांना तिथेच भेटलेले.

“काय म्हणाले डॉक्टर, मास्तर?”

“प्रोस्टेटमध्ये पाण्याची साधी गाठ आहे. सुईने पाणी काढू, नाहीतर दुर्बिणीतून गाठ उघडू, म्हणाले. सोसत असेल तर नुसती नजर ठेवू.”

“सोसतंय का?”

“कसलं! लघवीला उभं राहिलं की ब्रह्मांड आठवतं.”

“मग सुई घ्या की!”

“भूल देणार. घरी न्यायला माणूस हवा, आणि मी एकटा.”

“शेजारीपाजारी?”

“अख्ख्या गल्लीची मापं घेतलीत मी. पण हे सांगावं असं त्यांत कोणी नाही.”

“मला तर सांगितलंत!”

“तुम्ही कुठे उद्या भेटणार आहात?”

नर्स दारात आली. “काका, काय ठरलं मग?”

“नजरच ठेवू, सिस्टर. तसा काही त्रास नाही मला.”